झाडाखालचा नवरदेव

कराडहून बेळगाव तसं लांब नाही. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो. तरी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत मी कधी तिकडे गेलो नव्हतो. जायचं कारणच पडलं नव्हतं.

माझा धंदा बोर्ड रंगवायचा. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची कमळं, निवडणुकीच्या भिंती. फ्लेक्स आला आणि आमचे ब्रश वाळून गेले. पुढे एका गावात अंगणवाडीची भिंत रंगवली, ती बघून शेजारच्या गावाने बोलावलं, आणि आता अशा भिंतींवरच माझं चाललं आहे. त्यांतल्याच एका भिंतीचा फोटो फिरत फिरत बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या बाजूला पोचला. तिकडे एका वस्तीवर अंगणवाडी चालवणाऱ्या सुनंदाआक्कांची बहीण आमच्या कराडजवळ दिलेली आहे. आक्कांचा फोन आला.

"पेंटरकाका, आमची बी भिंत बोलती करा की. ऱ्हावा आठवडाभर. जेवण-ऱ्हाणं आमच्यातच. आणि थोडं कन्नड बी लिवाय पायजे हं."

कन्नडचं एकही अक्षर मला येत नव्हतं. "लिहू की," असं मी म्हणून टाकलं. पेंटर कधी नाही म्हणत नाही.

निपाणी

म्हणून आधी निपाणीला उतरलो. तिथे सिद्धूअण्णा आहेत. तरुणपणी कोल्हापुरात एकाच उस्तादाकडे आम्ही ब्रश धरायला शिकलो. ते मला पाच वर्षांनी मोठे. आता त्यांचं रेडियमचं दुकान आहे, गाड्यांवर नावं आणि नंबर चिकटवायचं.

दूधगंगेचा पूल ओलांडला की पाट्या बदलतात. शेत तेच, ऊस तोच, बाया त्याच पद्धतीने डोक्यावर वैरण घेऊन चाललेल्या, फक्त पाट्यांवरचं अक्षर गोल होतं. निपाणीत उतरल्यावर तंबाखूचा उग्र गोडसर वास नाकात शिरला आणि मला सटासट सहा शिंका आल्या. अण्णा हसले. "नवीन माणूस आल्याची हीच खूण. आमास्नी आता वास येतच न्हाय."

चहा पिताना मी सहज म्हणालो, "अण्णा, ही कन्नड अक्षरं म्हणजे नुसत्या जिलब्या हो."

अण्णांनी कप खाली ठेवला. "बाळू, पेंटर असून असं बोललास? जो येतो तो जिलबी म्हणतो. तू तर हातानं अक्षर काढणारा माणूस. ब्रश घे."

दुकान अर्धा दिवस बंद ठेवून त्यांनी मला शिकवलं. आपल्या अक्षराला वर आडवी रेघ असते, तसा कन्नड अक्षराला डोक्यावर छोटा तुरा असतो. हात कुठून निघतो, कुठे वळतो, कुठे थांबतो, सगळं त्यांनी मनगट धरून दाखवलं. निघताना एका कागदावर सगळी मुळाक्षरं लिहून दिली, प्रत्येकाखाली मराठी. आणि बजावलं, "नुसतं बघून उतरवू नगंस. तोंडानं म्हणत काढ. न्हायतर चुकशील."

मी कागद खिशात घातला. पस्तीस वर्षं ब्रश धरलेल्या माणसाला चुकशील म्हणतात, हे मनातल्या मनात थोडं लागलंच.

वस्तीवर

बेळगावच्या स्टँडवरून येळ्ळूरच्या बसने शहराबाहेर पडलो तेव्हा भाताची सुगी आटपलेली होती. मोकळी खाचरं, पेंढ्याच्या गंज्या, लांबवर टेकडीवरचा किल्ला, आणि वाटेत धूर सोडणाऱ्या दोन वीटभट्ट्या. अंगणवाडी म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकाचा आडोसा आणि पुढे व्हरांडा. मुलं बावीस.

सुनंदाआक्का चाळिशीच्या. आवाज मोठा, चाल भराभर. मुलं त्यांना 'टीचर' म्हणतात आणि मुलांचे आईबाप 'आक्का'. दुपारचं जेवण त्यांच्या घरी झालं. आमच्याकडे भाकरी पोटभर खाल्ल्यावर शेवटी चार घास भात, तोही उपचारापुरता. इथे ताटात आधी भाताचा डोंगर येतो. घरच्या शेतातला वासाचा तांदूळ. झाकण काढलं तेव्हा ओटीवर बसलेल्या मला कळलं. मी तीनदा वाढून घेतला आणि मग भाकरी आली. ती मला बघायलाही जमेना.

कामाला मी त्याच दुपारी लागलो. मुलं घरी गेली होती. माझी नेहमीची रीत: भिंतीच्या वरच्या अंगाला सुबक चौकटी, चौकटीत अक्षर, अक्षराखाली चित्र. संध्याकाळपर्यंत खडूने पूर्ण आखणी करून मी आक्कांना बोलावलं.

त्यांनी बघितलं. "अक्षर लई सुंदर हाय. आता काका, जरा खाली बसा."

"कशाला?"

"बसा तर."

मी मांडी घालून जमिनीवर बसलो.

"आता सांगा, काय दिसालंय?"

समोर कोरी भिंत होती. माझी अक्षरं पार वर, छताला चिकटलेली. चार वर्षांच्या मुलाला ती दिसायची तर मान मोडायची. इतकी वर्षं मी भिंती रंगवल्या, पण मुलं जिथे बसतात तिथे कधी बसलो नव्हतो.

आक्का माझ्या शेजारी येऊन बसल्या. "आणि हे 'ए एडक्याचा' कशाला? एडका आमच्यात कुणी बघितलाय? अक्षरं येतात वो मागनं. आधी पोरानं बोलाय पायजे. जे बोललं तेच भितीवर दिसलं की त्याला वाटतंय, आरं, हे तर माझंच."

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. चार तासांचं काम होतं. पण ओल्या फडक्याने आखणी पुसताना पटतही होतं.

म्हशीचं नाव

दुसऱ्या दिवशी मुलं असतानाच काम सुरू केलं, जमिनीपासून हातभर उंचीवर. आक्कांनी मुलांना विचारलं, "काकांनी काय काय काढायचं?" एकदम कालवा उठला. म्हैस! भाकरी! आज्जी! ट्रॅक्टर! समर्थ नावाचा एक पोरगा तर माझ्या मागेच लागला. ट्रॅक्टर त्याच्या आप्पाचाच पाहिजे, आणि आप्पाच्या ट्रॅक्टरची एक लाइट फुटलेली आहे, तीही फुटलेलीच पाहिजे. मी फुटकी लाइट काढली. कोणत्याही दुकानदाराने माझ्याकडून इतकं चोख काम करून घेतलं नव्हतं.

या गलक्यात एक मुलगी गप्प होती. खांबाला टेकून, फ्रॉकची कड तोंडात धरून ती माझ्या ब्रशकडे बघत होती. मी विचारलं, "तुला काय काढू गं?" ती खांबामागे गेली.

"ती कावेरी," आक्का म्हणाल्या. "भट्टीवरची. बैलहोंगलकडची माणसं, कन्नड बोलणारी. दिवाळीनंतर आली. दोन महिने झाले, पोरीनं इथं एक शब्द काढल्याला न्हाय."

"तुम्हाला तर कन्नड येतं की."

"येतं. पण माझं कन्नड मीटिंगचं. लेकराला मांडीवर घिऊन बोलायचं कन्नड येगळं असतंय." त्यांचा आवाज खाली आला. "तिच्या आईला भ्या वाटालंय. म्हणती, घरात चिमणीगत बोलणारी पोरगी, हितं आल्यापास्नं घरात बी गप झाली. सोमवारपास्नं भट्टीवरच ठेवून घेणार म्हणालीय. तिथं चिखल, धूर, ट्रकांची ये-जा. काय सांगू तिला? चूक बी न्हाय तिचं."

त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. मी चहा घेऊन परत आलो तर माझ्या देखण्या, काळ्या, पाणीदार डोळ्यांच्या म्हशीच्या पोटावर कुणीतरी खडूने वेड्यावाकड्या रेघा मारलेल्या. मी ओरडलो. "कोणी केलं हे?" समर्थचा हात पांढरा होता.

आक्का आल्या, गुडघ्यावर बसल्या आणि त्याला अगदी सहज विचारलं, "काय लिवलंयस रं?"

"म्हशीचं नाव."

"वाच बघू."

त्याने रेघांवरून बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे, सावकाश. "गं... गी."

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. "बघितलासा? लिवल्यालं वाचायचं असतं, आणि वाचताना बोट हिकडनं तिकडं जातंय, एवढं त्याला कळलंय. अक्षर तेवढं ऱ्हायलंय."

मी समर्थच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते नाव तसंच ठेवलं. वर पारदर्शक वॉर्निशचा एक हातही दिला. माझ्या कुठल्याही सहीपेक्षा ती गंगी तिथे जास्त टिकेल.

"मर! मर!"

तिसऱ्या दिवशी झाड काढायला घेतलं. वस्तीबाहेर एक मोठा आंबा आहे, व्हरांड्यातून दिसतो, तोच डोळ्यांपुढे होता. दाराच्या उजव्या अंगाला खोड, आणि फांद्या दारावरून पलीकडे. पानं भरायला मी स्टुलावर चढलो. मुलं आत खिचडी खायला बसली होती.

एवढ्यात पाठीमागून बारीक आवाज आला. "मर."

मला वाटलं भास झाला. पुन्हा, जरा मोठ्याने, "मर! मर!"

स्टुलावर उभ्या असलेल्या साठीच्या घरातल्या माणसाला कुणी असं म्हणालं तर काय होईल? मी चरकून वळलो, स्टूल डुगडुगलं, हिरव्या रंगाचा डबा माझ्या पायजम्यावरून घरंगळत व्हरांड्यात गेला. खाली कावेरी उभी होती. बोट माझ्याकडे, डोळे मोठे, चेहरा आनंदाने फुललेला. "मर!"

आक्का खिचडीचा डाव हातात घेऊनच धावत आल्या. मी म्हणालो, "अहो, ही पोरगी मला मर म्हणते!"

आक्कांनी एक हात तोंडावर ठेवला. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू, दोन्ही एकदम. "काका, कन्नडात मर म्हंजे झाड वो! झाड म्हणालीय ती! बोलली! कावेरी बोलली!"

मुलं ताटं सोडून बाहेर आली. आक्कांनी झाडावर हात ठेवून विचारलं, "कावेरी, हे काय?"

"मर."

"ऐकलंसा रं? झाडाला कावेरीच्या घरात मर म्हणत्यात."

मग काय, बावीस पोरं खऱ्या आंब्याकडे, चित्रातल्या झाडाकडे आणि माझ्याकडे बोट करून "मर, मर" म्हणत नाचायला लागली. रस्त्याने जाणारा एक म्हातारा थांबून आत डोकावला आणि काळजीत पडून निघून गेला. समर्थने विचारलं, "कावेरी, ट्रॅक्टरला काय म्हणायचं?" ती जरा थांबली आणि म्हणाली, "ट्रॅक्टर." सगळे खदखदून हसले. तीही हसली. तिचे पुढचे दोन दात पडलेले आहेत हे आम्हाला तेव्हा कळलं.

दुपारी आक्कांना बेळगावात मीटिंग होती. जाताना म्हणाल्या, "झाडाखाली मराठीत झाड लिवा. कन्नड मी आल्यावर बघू."

पण मला कुठला दम निघतो? उत्साह अंगात मावत नव्हता. अण्णांचा कागद काढला, म शोधला, र शोधला, आणि झाडाच्या बुंध्यापाशी झोकदार कन्नड शब्द लिहून टाकला. तोंडाने काही म्हटलं नाही. सवयीने, बघून उतरवला.

महादेवी

चौथ्या दिवशी सकाळी कावेरीची आई आली. महादेवी. पंचविशीची असेल. साडीच्या काठाला विटांची लाल माती, कडेवर कावेरी. चेहऱ्यावरून दिसत होतं की ती ठरवून आली आहे. कालचं तिला काही माहीत नव्हतं. तिने आक्कांशी कन्नडात बोलायला सुरुवात केली. मला शब्द कळत नव्हते, पण सोमवार कळला आणि "इल्ला" कळलं. इल्ला म्हणजे नाही. आक्का समजावत होत्या, ती मान हलवत होती.

बोलता बोलता तिची नजर भिंतीवर गेली. वाक्य अर्धंच राहिलं. ती झाडाजवळ गेली, खालचा शब्द बघितला, आणि पदर तोंडावर घेऊन हसायला लागली. हसू थांबेचना. कडेवरची कावेरीही, काही न कळता, आईचं बघून हसायला लागली.

"मर अल्ला," ती कशीबशी म्हणाली, म्हणजे मर नव्हे. "वर!"

आक्कांनी जवळ जाऊन बघितलं आणि कपाळावर हात मारला. "काका! काय करून ठेवलासा! वर लिवलंय तुमी. कन्नडात बी वर म्हंजे वरच. नवरदेव! झाडाखाली नवरदेव उभा केलासा!"

कन्नडमध्ये व आणि म सख्खे भाऊ आहेत. व च्या शेपटाला उजवीकडे आणखी एक वळण दिलं की म होतो. ते एवढंसं वळण मी खाल्लं होतं. अण्णांचे शब्द आठवले आणि कानाची पाळी गरम झाली.

मी ब्रश काळ्या रंगात बुडवला, पण आक्कांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि महादेवीपुढे धरला. "तूच कर गं."

महादेवी दोन पावलं मागे सरली. चौथीपर्यंतच शिकले, आता पाटी-पेन्सिल कुठे, हात विटांचा झालाय, असं काहीबाही ती म्हणाली; ते मला आक्कांकडून नंतर कळलं. आक्का नुसत्या ब्रश धरून उभ्या राहिल्या. शेवटी कावेरीच आईच्या हनुवटीला धरून काहीतरी म्हणाली. महादेवीने तिला खाली ठेवलं, हात पदराला पुसले, ब्रश घेतला. ती तोंडाने "म" म्हणाली आणि मग वळण दिलं. माझ्या अक्षरापेक्षा ते थोडं जाड झालं. झाडाखालचा नवरदेव निघून गेला, झाड राहिलं.

मग ती खाली बसली. मुलं भोवती जमली. बोट ठेवून तिने वाचलं, "म... र." मुलांनी मागोमाग म्हटलं. पलीकडचा मराठी शब्द समर्थने वाचला, म्हणजे चित्र बघून ओळखला, पण बोट बरोबर फिरवलं.

आक्का म्हणाल्या, "आता गोष्ट सांग एखादी, झाडाची. मी मराठीत सांगते."

महादेवी लाजत लाजत सांगायला लागली. झाडावर एक पोपट राहतो, खाली एक मुंगी राहते. एक वाक्य कन्नडात, मग आक्का मराठीत. कावेरी आईच्या मांडीवर. मुंगी रुसून पोपटाला काही म्हणाली, ते आक्कांनी मराठीत सांगितलं, तेवढ्यात कावेरी ताठ बसली.

"इल्ला!"

आक्का थांबल्या. "काय चुकलं गं?"

कावेरीने कन्नडात भडाभड तीन-चार वाक्यं सांगितली, हातवाऱ्यांसकट. आक्कांनी कान पकडले. "व्हय व्हय, माझंच चुकलं. मुंगी रुसल्याली न्हाय, पोपट रुसलाय." महादेवी मुलीकडे अशी बघत होती, जशी ती आत्ताच जन्मली आहे.

सोमवारचा विषय पुन्हा निघाला नाही. जाताना तिने तेवढंच विचारलं, उद्या पण गोष्ट सांगायला येऊ का, कामावर जायच्या आधी.

शेवटचे दोन दिवस

पाचव्या दिवशी महादेवी आली ती फडक्यात गुंडाळलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन, माझ्यासाठी. ही भाकरी पापडासारखी कुरकुरीत असते आणि महिनाभर टिकते म्हणे. माझी कवळी ती टिकू द्यायला तयार होती. शेवटी चहात बुडवून खाल्ली. महादेवीला ते बघवलं नाही.

बातमी वस्तीभर झाली होती. एक आजी म्हणाली, भट्टीवरची बाई गोष्ट सांगते तर मी का नको? ती आली. समर्थचे आप्पा आले आणि फुटक्या लाइटकडे बघून म्हणाले, "ही बी काढलासा व्हय? आजच बदलतो बघा." भिंतीच्या सगळ्यात खालच्या हातभर पट्ट्याला मी पाटीसारखा काळा रंग दिला, मुलांना लिहायला. रंग वाळायची वाट बघत बावीस मुलं रांगेत बसून राहिली, हातात खडू घेऊन, जेवणाच्या पंगतीसारखी. वाळला तशी तुटून पडली. कुणी पाऊस लिहिला, कुणी मामाचा फोन नंबर लिहिला, कुणी नुसतेच गोल. प्रत्येकाने मला वाचून दाखवलं. मला सगळं समजलं.

शनिवारी निघालो. पिशवीत आक्कांनी घातलेला बेळगावी कुंदा आणि दोन किलो वासाचा तांदूळ. मुलं रस्त्यापर्यंत पोचवायला आली, दोन-दोनच्या जोडीने हात धरून. कावेरी समर्थच्या जोडीला होती आणि वाटेत दिसेल त्या वस्तूची दोन्ही नावं त्याला सांगायला लावत होती.

बस आली. दारापाशी कन्नडमधला बोर्ड होता. कावेरीने समर्थचा हात सोडला, पुढे गेली आणि टाचा उंच करून त्या बोर्डवर बोट ठेवलं. कंडक्टर दारात उभा होता, शिट्टी ओठांत. त्याने शिट्टी काढली आणि विचारलं, "काय लिवलंय गं त्यात?"

कावेरीने बोट डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवलं. एकेक अक्षर मोजत असल्यासारखं.

"पेंटर... काका... मत्त... बा."

मत्त बा म्हणजे पुन्हा ये. मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

कंडक्टरने वाकून बोर्डकडे बघितलं, नीट, वरपासून खालपर्यंत.

"व्हय की," तो म्हणाला, "अगदी तसंच लिवलंय."